शेंदराखालचं सिमेंट

आमच्या घरात कुठलाही वाद निघाला की माझी मुलगी हिंदीत विचारते, "देख के बोल रहे हो कि नाप के?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. वाक्य मात्र मूळ मराठी आहे आणि ते भुसारीकाकांचं आहे. "पाहून सांगून राहिला का मोजून?" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मला कंपनीत लागून दोन दिवस झाले होते आणि मी फक्त 'आज उकाडा फार आहे' इतकंच म्हणालो होतो.

आमचं ऑफिस रायपूरच्या समता कॉलोनीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. काम व्यवहार्यता अहवालांचं. सरकारला किंवा एखाद्या संशोधन संस्थेला कुठे कालवा काढायचा असतो, कुठे प्रयोगशाळा उभारायची असते. ते तिथे उभं राहू शकेल का, हे आधी कोणीतरी जाऊन, मोजून सांगावं लागतं. ते आम्ही सांगतो. बहुतेक वेळा आम्ही 'होय' असं सांगतो. सतरा वर्षांत मी चौसष्ट अहवालांचे तक्ते केले. त्यांतले एकसष्ट 'व्यवहार्य' निघाले. उरलेले तीन भुसारीकाकांचे.

मनोहर भुसारी मूळचे वर्ध्याचे. रायपुरात तीस वर्षं काढूनही त्यांची बोली वर्ध्याचीच राहिली होती. कंपनीतले सगळे त्यांना भुसारीजी म्हणत, मी काका म्हणे. अंगाने किरकोळ. उंची विचारली तर सांगत, "एकशे बासष्ट पूर्णांक पाच. सकाळची. संध्याकाळी एक सेंटिमीटर कमी भरतो." यात विनोद नव्हता. त्यांनी मोजलं होतं.

जमिनीची उंची-सखलता मोजायचं त्यांचं यंत्र म्हणजे लेव्हल. तिपाईवर बसवलेली एक दुर्बीण आणि तिच्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की दुर्बीण सपाट. समोर एक माणूस आकडे रंगवलेली चार मीटरची पट्टी उभी धरतो. तिला आमच्याकडे स्टाफ म्हणतात. काका दुर्बिणीतून स्टाफवरचा आकडा वाचत आणि फील्डबुकात लिहीत. दुसऱ्या कोणी वाचलेला आकडा त्यांच्या फील्डबुकात कधी गेला नाही.

यंत्राला ऊन लागलं की बुडबुडा सरकतो, म्हणून त्याच्यावर छत्री धरतात. काकांची छत्री मोठी, वरून पांढरं कापड शिवलेलं. मे महिन्यातल्या भर दुपारी मी त्यांना पाहिलं आहे. यंत्र सावलीत आणि काका सावलीच्या बाहेर, डोक्याला पंचा गुंडाळून. दोघं मावतील एवढी छत्री होती, पण ते आत सरकत नसत. सरकलं की हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. ते कापड काकूंनी शिवलेलं. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना काकू म्हणाल्या, "लग्नाले एकतीस वर्षं झाले. एक डाव बी माह्यावर छत्री धरली नाही यायनं."

काका वरण कालवत म्हणाले, "तुले काय बुडबुडा आहे?"

काकूंनी त्यांना भात वाढला नाही. मला वाढला.

स्टाफ धरायला दुकालू होता. पन्नाशीचा, छत्तीसगढी, वीस वर्षं काकांच्या बरोबर. काका त्याच्याशी मराठीत बोलत, तो 'हव' म्हणे, म्हणजे 'हो'. वीस वर्षांत एकमेकांची भाषा शिकायची गरज दोघांनाही पडली नाही. 'हव' म्हणायच्या तऱ्हेवरून काकांना कळे की स्टाफ सरळ आहे की तिरका.

काकांचा एकच नियम होता, आणि तो त्यांच्या धंद्याचाच आहे. मोजणी जिथून सुरू केली तिथे परत येऊन संपवायची. आपण एका ठरलेल्या उंचीच्या दगडावरून निघतो. सरकारी नोंदवहीत त्या दगडाची उंची लिहिलेली असते. तिथून मोजत मोजत चार किलोमीटर जातो, आणि मोजत मोजत परत त्याच दगडावर येतो. जी उंची घेऊन निघालो तीच हातात आली पाहिजे. चार-सहा मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त आला तर सगळा दिवस वाया आणि उद्या पुन्हा.

हा नियम त्यांनी घरीही लावला होता. रोज सकाळी ते फाटकापासून शंकराच्या देवळापर्यंत पावलं मोजत जात आणि मोजत परत येत. जाताना आणि येताना चार पावलांपेक्षा जास्त फरक पडायचा नाही. एका सकाळी एकवीस पावलांचा पडला. काका फाटकात उभं राहून विचार करत राहिले आणि पुन्हा देवळाकडे निघाले. वाटेत एक गृहस्थ अनवाणी येताना दिसले. काका त्यांचीच चप्पल घालून आले होते, एक नंबर मोठी.

"मोजणी बरोबर होती," त्यांनी मला ऑफिसात सांगितलं. "पाय बरोबर नव्हते."

नवा रायपूरच्या एका मीटिंगची गोष्टही सांगतो, म्हणजे त्यांचा दरारा कळेल. एका कंपनीने ड्रोन उडवून जागेचा रंगीत नकाशा केला होता. काका दहा दिवस चालून जे मोजत ते ड्रोनने चाळीस मिनिटांत केलं, असं त्या कंपनीचा माणूस सांगत होता. नकाशात जागेच्या मधोमध दीड मीटरची एक टेकडी होती. मीटिंग घेणाऱ्या साहेबांनी काकांना विचारलं, "भुसारीजी, आपके नक्शे में ये टीला क्यों नहीं है?"

"सर, वो बेशरम है."

सगळ्यांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. बेशरम म्हणजे आमच्याकडे तलावाकाठी माजणारं एक झुडूप, दीड मीटर वाढतं. ड्रोनने झुडपांचे शेंडे मोजले होते. हे काकांनी समजावून सांगितलं, पण मधले पंधरा सेकंद कंपनीच्या माणसाला फार जड गेले.

आता तिसऱ्या 'नाही'ची गोष्ट.

केंद्राच्या एका संशोधन संस्थेला आमच्या भागात जमिनीच्या आणि पाण्याच्या अभ्यासाचं केंद्र काढायचं होतं. दोन जागा होत्या. एक नवा रायपूरच्या कडेला, रुंद रस्त्यावर. दुसरी अभनपूरच्या पुढे एका गावात, तलाव आणि सडक यांच्यामधली चौदा एकर पडीक जमीन. अभ्यासाच्या दृष्टीने दुसरी जागा जास्त चांगली, कारण समोरच तलाव आणि भोवती धानाची शेतं. प्रश्न एकच होता. तलाव तुडुंब भरला की पाणी त्या जमिनीवर येतं का?

आम्ही पावसाळा संपता संपता तिथे गेलो. तक्ते माझे असल्यामुळे मीही जात असे. गावाबाहेर सडकेवर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, होती, आणि तिच्या कठड्यात बाणाची खूण कोरलेला दगड. हाच आमचा सुरुवातीचा दगड. त्याला शेंदूर लावलेला होता, वर दोन कण्हेरीची फुलं. दुकालूने स्टाफ ठेवण्याआधी दगडाला हात जोडले.

"पाया पडायचं असन तर पड," काका म्हणाले, "पण स्टाफ सरळ धर. हा देव नाही, बेंचमार्क आहे."

"हव," दुकालू म्हणाला आणि पुन्हा हात जोडले.

पुलियाशेजारी बिसाहिन दाईचं होटल होतं. होटल म्हणजे वर पत्रा, चार बांबू, एक चूल. साठीच्या बाई. शेंदूर त्याच लावत. आम्ही पाच दिवस त्यांच्याकडेच भजी खाल्ली. दोन्ही मुलगे कामासाठी परराज्यात गेलेले. केंद्र आलं तर होटल चालेल आणि पोरं घरी परततील, या आशेने त्या काकांना रोज विचारत, "केंद्र आही का साहेब? आही त मोर होटल चलही. लइका मन घर आ जाही."

"मोजून सांगतो, माय," काका म्हणत.

तपासणीसाठी दुसरा एक दगड असावा लागतो. तो होता तलावाच्या पाणी सोडायच्या दरवाजापाशी, आणि ते दिवस तलाव भरल्याचे. दगड पाण्यात बुडालेला. काकांना ते आवडलं नाही. "पाणी उतरल्यावर येऊ," ते म्हणाले. पण अहवाल तीन आठवड्यांत द्यायचा होता. मीच म्हणालो, "काका, राहू द्या. परत येऊन मिळालं ना? फरक तीन मिलिमीटर. याहून काय पाहिजे?" काकांनी मग अहवालात एकोणचाळिसाव्या पानावर तळटीप टाकली, 'दुसरा बेंचमार्क पाण्याखाली असल्याने पडताळणी झाली नाही.' ती तळटीप पुढच्या पानावर घसरत होती, म्हणून मी अक्षर लहान केलं.

हिशेब आला तो असा. तलावाच्या सर्वांत उंच पाण्याची जी पातळी सरकारी नोंदवहीत होती, तिच्यापेक्षा जमीन अठरा सेंटिमीटर खाली. निष्कर्ष, व्यवहार्य नाही.

गावाला कळलं. सरपंच एकदा येऊन बसून गेले. ऑफिसात मात्र काकांचं कौतुक झालं. गावाकडून दबाव आला तरी माणूस हलला नाही, असं आमचे डायरेक्टर दुबेजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. वास्तविक दबाव वगैरे काही नव्हता. भजी होती, आणि त्यांचे पैसे आम्ही रोज दिले होते. काका मार्चअखेर निवृत्त व्हायचे होते आणि निरोपाच्या भाषणात दुबेजींनी हा भाग घातला होता. दोन्ही जागांपैकी एक पक्की करायला समिती मार्चच्या मध्यावर बसणार होती.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "वझलवार, पाणी उतरलं असन."

"कुठलं पाणी?"

"पान एकोणचाळीस."

रविवारी आम्ही तिघं गेलो. गाडी माझी, यंत्र काकांचं स्वतःचं, जुनं. दरवाजापाशी दगड आता कोरडा होता. तिथून पुलिया नऊशे मीटर. काका मोजत आले, शेवटचा आकडा वाचला, हिशेब केला, यंत्र उचललं आणि परत दरवाजाकडे निघाले. पुन्हा मोजत आले. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. पुलियाचा दगड नोंदवहीत लिहिला होता त्यापेक्षा एक्केचाळीस सेंटिमीटर उंच होता.

दोन दगडांपैकी एक खोटं बोलत होता. आम्ही पुलियाच्या दगडावर विश्वास ठेवून सगळी जमीन मोजली होती. तोच जर वर सरकलेला असेल, तर आम्ही चौदा एकर जमीन एक्केचाळीस सेंटिमीटर खाली दाखवली होती.

काका बिसाहिन दाईच्या बाकड्यावर बसले. दाईंनी चहा दिला. गेल्या खेपेला त्या रोज केंद्राचं विचारत, या खेपेला विचारलं नाही. काकांनीच विचारलं, "माय, हा दगड इथंच होता का पहिलेपासून?"

दाईंनी चुलीत लाकूड सारलं. "पथरा उही आय साहेब. पुलिया नवा आय."

सडक उंच केली तेव्हा पुलियाही उंच झाली होती. ठेकेदाराची माणसं जुना कठडा फोडून टाकणार होती. दाई आणि गावच्या बायकांनी अडवलं. बाणाचा दगड कसला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण आजे-सासऱ्यापासून होता, आणि सरकारने कोरलेला म्हणजे काहीतरी असेलच. म्हणून तो जपून काढला, दुधाने धुतला आणि नव्या कठड्यात होता तसाच, बाण वर करून, बसवला. होता तसाच, फक्त एक्केचाळीस सेंटिमीटर वर. कोणी वेड्यावाकड्या जागी टाकला असता तर काकांनी तो घेतलाच नसता.

हे सांगताना दाईंना त्याचा अभिमान वाटत होता. त्या जपणुकीमुळेच केंद्र हातचं जायची वेळ आली होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. काकांनी तर नाहीच.

परत येताना अभनपूरपाशी त्यांनी फील्डबुक पुन्हा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "शेंदूर पायला मी. शेंदराखालचं सिमेंट नाही पायलं. नवं होतं."

मी म्हणालो, "मीच म्हणालो होतो राहू द्या म्हणून."

"तू तक्तेवाला आहेस. तुले काय कळते." हे त्यांनी मला सोडवण्यासाठी म्हटलं की खरंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी दुबेजींच्या केबिनमध्ये मीही होतो. काकांनी फील्डबुक उघडून समोर ठेवलं आणि चार वाक्यांत सांगितलं. जमीन पाण्याच्या खाली नाही, तेवीस सेंटिमीटर वर आहे. जोतं थोडं उंच घेतलं तर केंद्र तिथे होऊ शकतं. अहवाल चुकला.

दुबेजी वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी दार लावलं. "भुसारीजी, आप इकतीस को रिटायर हो रहे हैं. आराम से होइए. दूसरी जगह तो है ना. नुकसान किसका है?"

"गाँव का है."

"जिसने कभी 'ना' नहीं कहा, उसकी ग़लती चल जाती है. आपकी तो 'ना' का ही नाम है." दुबेजींनी फील्डबुक मिटलं. मग त्यांनी एक वाट काढली. ती वाट चांगली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. "अच्छा, ऐसा लिखिए, इंस्ट्रूमेंट में एरर था. पुराना था, कैलिब्रेशन गड़बड़ थी. सब समझ जाएँगे. आपका नाम भी बच जाएगा."

काका इतका वेळ उभे होते. आता बसले. "साहब, इंस्ट्रूमेंट ने बराबर बताया था. तीन मिलिमीटर में बंद हुआ था. उसको क्यों बदनाम करना?"

"अरे, वो मशीन है!"

"इसीलिए तो. वो जवाब नहीं दे सकता."

केबिनमधून बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "शुद्धिपत्र टाइप कर. एक पान. अक्षर लहान नको करू."

ते पान मी केलं. त्यात 'चुकीचं कारण' असा एक रकाना होता. काकांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: 'सर्वेक्षकाने बेंचमार्क मूळ जागी आहे की नाही हे पाहिले नाही.' मी 'तपासता आले नाही' असं सुचवलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'पाहिले नाही' ठेवलं.

समितीसमोर नवा रायपूरला दुबेजी गेले, काका गेले, पानांच्या प्रती वाटायला मी गेलो. अध्यक्ष दिल्लीहून आले होते. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला.

"ये ग़लती पकड़ी किसने?"

"मैंने, सर."

"और की किसने थी?"

"मैंने, सर."

अध्यक्षांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, तिसरं कोणीतरी सापडेल अशा आशेने. मग त्यांनी निर्णय पुढे ढकलला आणि दुसऱ्या कंपनीकडून फेरमोजणी करायला सांगितली. हे योग्यच होतं. एकदा चुकलेल्या माणसाचा दुरुस्त आकडाही तपासावा लागतो. काका बाहेर आल्यावर म्हणाले, "बरोबर केलं त्यानं." पण गाडीत बसताना त्यांच्या हातून छत्री दोनदा पडली.

निरोपसमारंभ एकतीस तारखेला झाला. न हलणाऱ्या माणसाचा भाग दुबेजींनी गाळला होता, त्यामुळे भाषण चार मिनिटांत संपलं. हार, श्रीफळ, एक भिंतीवरचं घड्याळ. दुकालूने काकांच्या पाया पडून घेतलं. काका म्हणाले, "सरळ धरत जा." दुकालू 'हव' म्हणाला. या 'हव'चा अर्थ मला लावता आला नाही, काकांना आला असावा, कारण ते लगेच हात धुवायला गेले.

फेरमोजणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. आमच्याकडून कागद दाखवायला मला पाठवलं. पुलियापाशी पोचलो तर काका तिथे आधीच होते. बसने अभनपूर आणि पुढे रिक्षाने आले होते. दुसऱ्या कंपनीचे दोघं इंजिनीयर यंत्र लावत होते, तिशीचे, टोप्या घातलेले. त्यांच्याकडे छत्री नव्हती. काकांनी आपली उघडली आणि त्यांच्या यंत्रावर धरली.

सकाळी साडेआठ ते दुपारी दीड. यंत्र नऊ वेळा हललं, छत्री नऊ वेळा हलली. इंजिनीयर दोनदा म्हणाला, "अंकल, आप भी अंदर आ जाइए." काका बाहेरच. पण मी दुसरं एक पाहत होतो. इंजिनीयर दुर्बिणीला डोळा लावी तेव्हा काका मान दुसरीकडे वळवत. आकडा मोठ्याने सांगितला जाई तेव्हा ते रस्त्यावरच्या गाड्या बघत. माझ्या खिशात त्यांचे सगळे जुने आकडे होते, त्यांना ते पाठ होते, आणि पाच तासांत त्यांनी एकदाही ताडून पाहिलं नाही. मी मात्र खिशातल्या खिशात ताडत होतो.

शेवटी इंजिनीयरने मोबाइलवर बेरीज-वजाबाकी केली. "तेईस नहीं है, अंकल."

काकांची छत्री हलली नाही.

"बाईस पॉइंट छह. चार मिलीमीटर का फ़र्क़ है आपसे."

"लिख लीजिए," काका म्हणाले. यंत्र पेटीत जाईपर्यंत त्यांनी छत्री मिटली नाही.

केंद्र त्या गावाला मंजूर झालं, हे पुढे कळलं. सध्या तिथे तारेचं कुंपण आणि एक फलक आहे. बिसाहिन दाईंनी होटलाला दोन बांबू वाढवले आहेत, म्हणजे आता सहा.

त्या दुपारी मी गाडी सुरू केली आणि काकांची वाट पाहत बसलो. आरशात दिसलं की ते पुलियाच्या कठड्यापाशी उकिडवे बसलेत, चष्मा कपाळावर चढवून, आणि नखाने दगडाच्या कडेचा शेंदूर थोडा थोडा खरवडताहेत. खालून राखाडी रेघ निघत होती. दाई होटलातून तरातरा आल्या, हातात झारा.

"ए साहेब! का करत हस? देवता आय! अब अउ का नापत हस?"

काकांनी वर पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून छत्तीसगढी ऐकली नव्हती, त्या दिवशी ऐकली, आणि चुकांसकट मला ती पाठ आहे.

"नापत नइ हँव, दाई," ते म्हणाले. "देखत हँव."